सासूफुली आणि गटारफुली

आपण धोक्यात आहोत हे सासूबाई स्वतःच सगळ्यांना सांगत सुटायच्या. पार्सल घेऊन आलेल्या माणसाला, दाताच्या डॉक्टरला, जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्यांच्या पाहुण्यांनासुद्धा. "मी अतिसंकटग्रस्त आहे," एवढं बोलून त्या थांबायच्या, समोरच्याचा चेहरा नीट पडू द्यायच्या, आणि मग सावकाश खुलासा करायच्या की त्यांच्या नावाचं एक फूल आहे, ते जगात एकाच कड्यावर उगवतं आणि कधीही नामशेष होऊ शकतं. तोवर ऐकणाऱ्याने मनातल्या मनात त्यांना दवाखान्यात भरती करून टाकलेलं असायचं. एकदा तर पार्सलवाल्याने सहीसुद्धा न घेता काढता पाय घेतला होता.

हे फूल म्हणजे सुनेची करणी. सूनबाई वनस्पतिसंग्रहालयात कामाला होती. तिथे लोखंडी कपाटांच्या रांगाच्या रांगा, कपाटांत पुठ्ठ्यांचे गठ्ठे, आणि प्रत्येक पुठ्ठ्यात एकेक वाळकं झाड कागदावर चिकटवून ठेवलेलं. डांबरगोळ्यांचा असा वास की तिथून घरी आलेल्या माणसाच्या अंगाला कसर लागायची सोय नाही. या कपाटांमध्ये आयुष्य काढणाऱ्या माणसाची मोठ्यात मोठी हौस कोणती, तर आजवर कुणी न पाहिलेली जात शोधायची आणि तिला नाव द्यायचं. सूनबाईने तशा पाच-सहा शोधल्या होत्या. त्यातल्या एकीला तिने सासूबाईंचं नाव दिलं, लॅटिन शेपूट जोडून. तेव्हापासून संग्रहालयात संचालकांपासून शिपायापर्यंत सगळे तिला 'सूनबाई' म्हणायला लागले, आणि त्या झाडाला 'सासूफुली'.

लोकांना वाटलं, काय भक्ती आहे पोरीची. खरं कारण फक्त नवऱ्याला ठाऊक होतं. नाव ठरवलं त्या दिवशी सूनबाईने त्याला झाडाचे गुण एकेक करून सांगितले होते: खडकाला धरून बसते, उपटता उपटत नाही, जरा धक्का लागला की वास सोडते, खायला काही नसलं तरी जगते, आणि आपल्या आसपास दुसऱ्या कुणाला उगवू देत नाही. नवरा पोट धरधरून हसला आणि मग हात जोडून म्हणाला की हे या घराबाहेर जाऊ देऊ नकोस. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. गावभरच्या लोकांना दिसायची सोय करणाऱ्या या माणसाला घरातलं काही म्हणता काही दिसत नसे, आणि त्यामुळेच तो सुखात होता.

पण झालं भलतंच. सासूबाईंनी उभी नोकरी टेलिफोन ऑपरेटर म्हणून काढलेली. तीस-बत्तीस वर्षं कानाला यंत्र लावून याला त्याच्याशी जोडून दिलं, त्याला हिच्याशी जोडून दिलं, आणि लोकांनी त्यांना 'हॅलो बाई' म्हटलं. घरी त्या कुणाच्या तरी आई, कुणाच्या काकू, कुणाच्या वहिनी. त्यांचं स्वतःचं नाव पगाराच्या पावतीवर यायचं, तेवढंच. ते नाव छापील मासिकात, तिरक्या अक्षरांत, परदेशी थाटात बघितलं आणि बाईंचा नूरच पालटला. त्याआधी घरात रोज ठिणग्या उडत होत्या. चहाच्या भांड्यात फुलं का उकळलीस, फ्रीजमध्ये ह्या काड्या कुणाच्या, गॅलरीत पाय ठेवायला जागा नाही, हे घर आहे की गोठा. नाव मिळाल्यावर सासूबाईंनी आपणहून फ्रीजचा एक कप्पा झाडांना मोकळा करून दिला. टोमणा म्हणून दिलेलं नाव त्यांनी डोक्यावर घेतलं, आणि सूनबाईला हळूहळू, स्वतःच्याही नकळत, म्हातारी आवडायला लागली. दहा-अकरा वर्षं झाली त्याला.

आणि मग उपटले डिंकसर.

या धंद्यात दोन पंथ आहेत, तोडणारे आणि जोडणारे. तोडणाऱ्यांना पानाच्या कडेला एक दात जास्त दिसला की नवी जात सापडते. जोडणाऱ्यांच्या मते त्यात काही अर्थ नसतो, सगळे एकाच माळेचे मणी. सूनबाई पक्की तोडणारी. डिंकसर दुसऱ्या शहरातल्या विद्यापीठात होते आणि जोडणाऱ्यांचे महंत होते, म्हणूनच त्यांना ते नाव पडलेलं. स्वतः आयुष्यात एकही नवी जात शोधली नाही, पण दुसऱ्यांच्या डझनावारी बुडवल्या. त्यांनी एका लेखात जाता जाता लिहून टाकलं की ही सासूफुली वगैरे काही नाही, ती उपाशी राहिलेली गटारफुली आहे.

गटारफुली सगळ्यांनी पाहिलेली असते, फक्त कुणी बघितलेली नसते. पाइपाच्या सांध्यात, भिंतीच्या भेगेत, संग्रहालयाच्याच मुतारीमागे ती बारा महिने जांभळी फुलं घेऊन उभी असते. धोक्यात असलेल्या झाडांची जी लाल यादी निघते, तिची समिती त्याच सुमाराला यादी सुधारायला बसली होती. समितीने संग्रहालयाला कळवलं की या दोघींची शेजारी शेजारी ठेवून तुलना करा आणि जात एक की दोन, ते सांगा. संचालकांनी ते काम सूनबाईच्याच गळ्यात घातलं. तुमचंच लेकरू, तुम्हीच तपासा, असं म्हणाले. सूनबाईला आनंदच झाला. डिंकसरांचं नाक कापायची अशी संधी पुन्हा कधी यायची, म्हणून तिने बाह्या सरसावल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा तिला काय ठाऊक.

तिने तक्ता मांडला. डावीकडे गटारफुली, उजवीकडे सासूफुली. कुळ एकच. प्रजाती, म्हणजे जातीच्या वरची पायरी, तीही एकच. म्हणजे आडनाव एक, घर एक, प्रश्न एवढाच की चूल एक की दोन. पान: डावीकडे रुंद, उजवीकडे अरुंद. यावर डिंकसर म्हणणार, कड्यावर माती नाही, पाणी नाही, पान रुंद होणार कशाने. त्यात सासूफुलीचं एक रोप सूनबाईने मागे संग्रहालयाच्या बागेत लावलं होतं, ते न फुलताच मेलं, पण त्याआधी चांगलं खत मिळून त्याची पानं रुंद झाली होती. तेव्हा तिने त्याकडे काणाडोळा केला होता, बऱ्या घरात पडली की कुणीही अंग धरतं, असं म्हणून. फूल: डावीकडे मोठं, उजवीकडे लहान. त्यालाही उपासमारीचं उत्तर होतंच.

सगळी मदार होती ती केसांवर. फुलाच्या पोटात एक गाठ असते, पुढे जिचं फळ होतं, तिला बीजकोश म्हणतात. गटारफुलीचा बीजकोश गुळगुळीत. सासूफुलीच्या बीजकोशावर मात्र पांढरे, लांब, रेशमासारखे केस. सूनबाईने मूळ नमुन्यावरून त्यांचं चित्र स्वतः काढलं होतं, आणि ते चित्र इतकं सुरेख होतं की कुणी नमुना उघडून बघायच्या भानगडीत पडलंच नव्हतं. उपाशी राहून माणसाला केस फुटत नाहीत, झाडालाही फुटत नाहीत. म्हणून जाती दोन. म्हणून गटारफुलीपुढे 'फारशी चिंता नाही', ज्याचा अर्थ मेली तरी कुणी विचारणार नाही, आणि सासूफुलीपुढे 'अतिसंकटग्रस्त'. दोघी एकच निघाल्या तर नियम साधा होता. जिचं नाव आधी ठेवलं गेलं तिचं टिकतं, नंतरचं बुडतं. गटारफुलीला कुणीतरी दोनशे वर्षांपूर्वी नाव ठेवून गेलं होतं.

एकच अडचण होती. सासूफुली वर्षातून जेमतेम आठवडाभर फुलते, तेही सकाळच्या वेळी, आणि तेही चढायला वाट नाही अशा ठिकाणी. त्यामुळे पहिल्या खेपेनंतर सूनबाईला ताजं फूल कधी हाताला लागलं नव्हतं. या वर्षी तिने बरोबर वेळ साधली. नवऱ्याला दुकान बंद करायला लावलं, दोर त्याच्या हाती दिला आणि ती कड्याच्या कपारीत जाऊन बसली. खाली नवरा उन्हाच्या नावाने खडे फोडत होता. वर फुलं होती, भरपूर होती. सूनबाईला धीर धरवेना. तिने तिथेच एक फूल सुईने फोडलं आणि भिंग डोळ्याला लावलं.

बीजकोशाला टक्कल होतं.

तिने दुसरं फोडलं, तिसरं फोडलं, कपारीच्या दुसऱ्या टोकाचं फोडलं. एकजात सगळी चकाचक. नवऱ्याने खालून विचारलं की सगळं ठीक ना, आणि तिने ठीक आहे म्हणून सांगितलं. उतरताना ती भिंग वरच विसरली आणि नवऱ्याला वाटलं की वयाने विसरायला लागलीय.

दुसऱ्या दिवशी संग्रहालयात जाऊन तिने मूळ नमुना काढला. इतकी वर्षं जे भिंगाखाली बघून सोडून दिलं होतं ते चांगल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. केस होते. पण त्या केसांना फांद्या होत्या, आणि फांद्यांच्या टोकांना बारीक मण्यांच्या माळा. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने झोपेत सांगितलं असतं की ही बुरशी आहे. सूनबाईने कपाळावर हात मारून घेतला. नव्या जातीच्या आनंदात आंधळी होऊन तिने बुरशीचं चित्र काढलं होतं, बुरशीचं वर्णन लिहिलं होतं, आणि त्या बुरशीच्या जोरावर सासूला जगातून नामशेष व्हायला लावलं होतं.

बुरशी आली कुठून हे कळायला तिला वेळ लागला नाही. रानातून आणलेलं झाड दोन फळ्यांमध्ये दाबून वाळवतात. झाडाच्या वर-खाली टिपकागद घालायचे आणि ते रोजच्या रोज बदलायचे, कारण कागद ओलावा पितात. एक-दोन दिवस जरी चुकले तरी आत बुरशी धरते, आणि ती पहिल्यांदा जाऊन बसते ती फुलाच्या पोटातल्या मधावर. हे या धंद्यातलं पहिलं पथ्य. सूनबाईने ते कधी मोडलं नव्हतं. फक्त त्या खेपेला कड्यावरून उतरताना पाय घसरला, हाड मोडलं आणि प्लॅस्टर घालून ती घरी पडून राहिली. दाब गॅलरीत होता. कागद बदलायचं काम तिने सासूबाईंना सांगितलं होतं. रोज विचारलं होतं, आणि त्यांनी रोज सांगितलं होतं की बदलले.

सूनबाईला संताप आला, आणि संतापाने जरा बरंही वाटलं. राग आला की अपराधी वाटायची गरज उरत नाही.

पण राग फार वेळ टिकेना. खरी गोष्ट अशी होती की तिने तोंड उघडलं नसतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. फुलांचा बहर संपत आला होता. डिंकसरांना स्टुलावर चढायची भीती वाटायची, ते कड्यावर काय चढणार. 'केस आहेत' एवढं लिहिलं की संपलं. स्वतःच्या नावाचं तिला काही वाटत नव्हतं. या धंद्यात शोधलेल्या पाचांतल्या दोन बुडतातच, कुणी सुतक पाळत नाही. पण सासूबाईंचं एकच होतं. रोज संध्याकाळी दार उघडताच त्या विचारायच्या, "माझं काय ठरलं?" समिती आपली तपासणी करतेय हे त्यांनी दाताच्या डॉक्टरलाही सांगून झालं होतं. सूनबाई रोज कामाचं निमित्त सांगून आत पळायची.

शेवटी एका संध्याकाळी तिने बुरशीचा फोटो छापून घेतला आणि भांडणाची पूर्ण तयारी करून घरी गेली. सासूबाई स्वयंपाकघरात कपबश्या पुसत होत्या. सूनबाईने चप्पलही न काढता विचारलं की माझा पाय मोडला होता तेव्हा टिपकागद रोज बदलले होते का. सासूबाई म्हणाल्या, बदलले होते की, रोज. सूनबाईने फोटो ओट्यावर ठेवला आणि हे काय आहे ते सांगितलं. सासूबाईंनी चष्मा पुसला, फोटो जवळ घेतला, लांब धरला, परत ओट्यावर ठेवला.

"पहिल्या दिवशी बदलले," त्या म्हणाल्या. "नंतर नाही."

"मग रोज हो का म्हणालात आई?"

"तुला ताप चढला होता. प्लॅस्टरच्या आत जखम चिघळली होती, डॉक्टर म्हणत होते पाय जातो का राहतो. तू बरळत होतीस. तुझं अंग पुसायचं, तुला बसवायचं, भांडं द्यायचं, रात्री उशाशी बसायचं, त्यात तुझ्या गवताचे कागद कोण बदलणार? आणि जरा शुद्ध आली की तू पहिलं तेच विचारायचीस, कागद बदलले का. नाही म्हटलं असतं तर त्या पायाने उठून गॅलरीत गेली असतीस. म्हणून हो म्हणायचे."

सूनबाईला तो आठवडा आठवतच नव्हता. ताप आला होता एवढं ठाऊक होतं, बाकी सगळं धुकट. त्या दिवसांत दोघी एकमेकींचं तोंडही बघत नव्हत्या, अशी तिची इतकी वर्षं पक्की समजूत होती. तिने स्टूल ओढलं आणि ती बसली. तिला रडू येत होतं आणि रडायची लाजही वाटत होती.

मग तिने सगळं सांगितलं. काहीच लपवलं नाही. दोघी एकच आहेत, धाकटीचं नाव बुडणार, लाल यादीतून निघणार, पुढे 'फारशी चिंता नाही' लागणार. आणि हेही सांगितलं की हे अजून कुणालाच माहीत नाही, तुम्ही म्हणाल तर माहीत होणारही नाही. हे शेवटचं वाक्य तोंडातून गेल्यावर तिला स्वतःचीच भीती वाटली, कारण सासूबाईंनी नको म्हटलं असतं तर तिने खरंच लिहिलं नसतं.

सासूबाईंनी उरलेल्या दोन बश्या पुसल्या. डिंकसर मुळात बरोबर होते का, एवढंच त्यांनी विचारलं. सूनबाई हो म्हणाली. मेल्याला अक्कल आहे म्हणायची, असं पुटपुटून त्यांनी फडकं वाळत घातलं आणि बुडव म्हणाल्या. बुडव म्हणताना त्यांचा आवाज ऑपरेटरच्या आवाजासारखा सपाट होता, आणि जेवताना त्यांनी अर्धी पोळी पानात तशीच टाकली. नवऱ्याला वाटलं की त्यांचं पोट बिघडलंय.

सूनबाईने अहवाल लिहायला घेतला. कुळ, प्रजाती, पान, फूल, बीजकोश. टिकलेलं नाव आणि बुडालेलं नाव. संवर्धनाची स्थिती. मग केसांचा उलगडा करणं भाग होतं. तिथे ती बराच वेळ अडली आणि शेवटी लिहिलं की नमुना वाळवताना कागद बदलण्यात संशोधिकेकडून हयगय झाली. रविवारी सकाळी तिने तो अहवाल सासूबाईंना वाचून दाखवला. निदान तेवढा तरी त्यांचा हक्क होता. सासूबाई डोळे मिटून ऐकत होत्या. त्या वाक्याशी आल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"हे खोटं आहे. तुझा पाय प्लॅस्टरात होता, तू कसली हयगय करतेस. मी बदलले नाहीत, असं लिही. माझं पूर्ण नाव घाल. फुलावरनं गेलं ते गेलं, चुकीवर तरी राहू दे."

सूनबाई हसली. मग सासूबाई हसत नाहीयेत हे तिच्या लक्षात आलं. तिने ते वाक्य खोडलं आणि सासूबाईंसमोरच दुसरं लिहिलं. आधी सासूबाईंचं नाव, पूर्ण, साधं, लॅटिन शेपूट न जोडता. पुढे असं की कागद बदलण्याचं काम यांच्याकडे होतं, परंतु त्या आठवड्यात त्या संशोधिकेचा जीव वाचवण्यात गुंतल्या असल्यामुळे ते होऊ शकलं नाही. सासूबाईंनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग त्या उठून आपल्या खोलीत गेल्या.

अहवालाचाच लेख करून तिने मासिकाला दिला, आणि मासिकाने तो तपासायला धाडला तो नेमका डिंकसरांकडेच. त्यांना सगळं मान्य होतं, किंबहुना जरा जास्तच मान्य होतं. हरकत एकच होती. वर्गीकरणाच्या लेखात हे घरगुती वाक्य गरजेचं आहे का, असं त्यांनी समासात लिहिलं होतं. सूनबाईने उलट टपाली कळवलं की तेवढंच गरजेचं आहे, बाकीचं काढलं तरी चालेल.